वेळात वेळ काढून

दरवर्षी द्राक्षांत साखर भरायला लागली की सतरा सेकंदांची एक चित्रफीत आमच्या शहरातल्या फोनांवर पुन्हा फिरू लागते. तिच्यात पांढरा सदरा आणि करडं जाकीट घातलेले एक वयस्कर गृहस्थ माइकसमोर उभे आहेत. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या परक्या सैन्याच्या अधिकाऱ्याकडे किंचित वळून ते म्हणतात, "साहेब, आपल्या व्यग्र दिनक्रमातून वेळात वेळ काढून आपण आमच्या शहरात आलात, त्याबद्दल आम्ही सर्वजण आपले मनःपूर्वक आभारी आहोत." मग टाळ्या. खाली कुणीतरी लाल अक्षरांत 'गद्दार' लिहिलेलं असतं.

मी त्या सभागृहात दुसऱ्या रांगेत बसलो होतो. ज्याने ती फीत कापली त्याला कात्री कुठे लावायची ते नेमकं कळत होतं. त्याने टाकून दिलेला भाग आता फक्त आठवणीत उरला आहे, आणि माझी आठवण सत्तरीला आली आहे, म्हणून लिहून ठेवतो.

ते सैन्य कोणत्या देशाचं, हे इथे लिहायची गरज नाही. सगळ्यांना माहीत आहे. तह झाल्यापासून त्यांच्याशी आपला व्यापार इतका सुरळीत चालला आहे की माझ्या ओट्यावरचा मिक्सर त्यांच्याच बनावटीचा आहे. चांगला चालतो.

ते किनाऱ्यावर उतरल्याची बातमी आली तेव्हा मी आमच्या कॉलनीच्या वाचनालयात आदल्या दिवशीची वर्तमानपत्रं घडी घालून ठेवत होतो. मी तिथला ग्रंथपाल, आणि दुसरं कुणी तयार नसल्यामुळे कॉलनीच्या मंडळाचा चिटणीसही. लढायांबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. पुस्तकांत आक्रमण येतं तेव्हा क्षितिजावर धूळ दिसते. आमच्याकडे ते कसारा घाट चढून महामार्गाने आलं, आणि टोलनाक्यावर अडलं. नाक्यावरचे लोक केव्हाच पळाले होते, पण आडवा दांडा खाली होता आणि तो उचलायचा कसा हे पुढच्या गाडीला कळेना, असं सांगतात. मला ते खरं वाटत नाही. पण त्या चार महिन्यांत शहराने केलेला हा एकच विनोद, म्हणून मी तो कधी खोडून काढला नाही.

शहराने लढाई दिली नाही. शहरं सहसा देत नाहीत. जवळच्या एका शाळेत त्यांचा तळ पडला, तिच्यावर त्यांचा झेंडा लागला, पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायला बंदी आली, निफाडकडच्या द्राक्षबागांत थंडीच्या शेकोट्या पेटवायला मनाई झाली आणि मणी वेलीवरच तडकले. तिसऱ्या आठवड्यात धरणाच्या रस्त्यावरच्या पंपघराजवळ तोफेचा गोळा पडला आणि पाणी बंद झालं. गोळा त्यांचाच होता, पण तसं म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या मते पंपघरातल्या कामगारांनी घातपात केला. त्या दुपारी कामावर असलेल्या नऊ जणांना ते घेऊन गेले. त्यातला एक माझा धाकटा भाऊ.

भाऊ व्हॉल्व्हमन. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवर यायचा, गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडून व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि सगळ्या गल्लीला पाणी सुटायचं. बोलणं कमी. आमच्या घरात पुस्तकं माझ्या वाट्याला आली आणि उपयोग त्याच्या, असं आई म्हणायची.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि माझी भावजय रोज सकाळी डबा घेऊन त्या शाळेत जाऊ लागलो. फाटकावरचा शिपाई आत विचारून यायचा आणि मान हलवायचा. असं कुणी आमच्याकडे नाही. नऊ घरांतली माणसं तिथे रांगेत असायची, पाच-पाचच्या गटाने, नियम पाळून. बाराव्या दिवशी भावजय परतीच्या वाटेवर म्हणाली, "दादा, आहेत पण देत नाहीत म्हणाले असते तर मी वाट पाहिली असती. नाहीच म्हणतात. नसलेल्या माणसाला मारलं तर कुणाला काय सांगायचं?"

ती डबा परत घरी आणायची आणि मुलांना त्यातलंच वाढायची.

आता सरांबद्दल. चित्रफितीतले गृहस्थ म्हणजे आमचे सर. मूळचे नामपूरचे, उभी हयात नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन त्यांच्याकडे आलं. ज्यांनी असे कार्यक्रम पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की आभारांच्या वेळी निम्मे लोक उठून चपला शोधत असतात. सरांच्या वेळी कुणी उठत नसे, कारण सर कुणाला वगळत नसत. अध्यक्षांपासून सुरुवात करून मांडववाला, माइकवाला, सतरंज्या घालणारे, माठ भरणारी बाई, सगळ्यांची पूर्ण नावं, वडिलांच्या नावासकट. त्यासाठी आदल्या दिवशी ते वही घेऊन घरोघर फिरत. मी एकदा त्यांना म्हटलं होतं की हा सोस कशाला. तर म्हणाले, "आभार म्हणजे मोठ्या माणसांची हजेरी असते हो. नाव पुकारलं नाही की माणूस आला नव्हता असं होतं."

दोन महिन्यांनी त्या सैन्याने पंप दुरुस्त केला. स्वतः फोडलेली वस्तू स्वतः दुरुस्त करून तिचं लोकार्पण करण्याची कल्पना मला परकी वाटली नाही. अधिकाऱ्याला समारंभ हवा होता, त्यांच्या देशात दाखवायला. जागा ठरली आमच्या वाचनालयावरचं सभागृह, आणि चिटणीस म्हणून कार्यक्रम आखायची आज्ञा मला झाली.

मी ती पत्रिका कशी लिहिली हे आठवलं की अजून मान खाली जाते. आम्हाला कार्यक्रम करायची एकच रीत माहीत होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. मी ती तशीच उतरवून काढली. शाल कोणत्या रंगाची यावर मंडळात अर्धा तास चर्चा झाली. आपलं शहर ज्याने घेतलं त्याला केशरी द्यावी की नाही, असा प्रश्न होता. शेवटी हिरवट दिली.

पत्रिका तपासायला त्यांचा दुभाष्या आला. तिकडच्या कुठल्याशा विद्यापीठात मराठी शिकलेला, पस्तिशीचा, चष्मा लावणारा. तो आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा, आणि त्यामुळे त्याच्याशी बोलताना आपणच परके आहोत असं वाटायचं. शेवटच्या ओळीवर पेन्सिल ठेवून त्याने विचारलं, "आभारप्रदर्शन म्हणजे नेमके काय अभिप्रेत आहे?"

मी सांगितलं, ज्यांनी काम केलं त्यांची नावं घ्यायची. ज्याचं राहतं तो वर्षभर रुसतो.

"मग यादी आगाऊ सादर करा. साहेबांना याद्या प्रिय आहेत."

यादीचं काम सरांचं. त्या संध्याकाळी ते वही घेऊन माझ्याकडे आले. भावाचं पूर्ण नाव त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी विचारलं, हुद्दा विचारला, किती वर्षं नोकरी झाली तेही विचारलं. मी म्हटलं, कशाला? "पाण्याचा कार्यक्रम आहे," ते म्हणाले. "पाणी सोडणारे नकोत का?" भावजय दारात उभी होती. तिने भावाचं ओळखपत्र आणून त्यांच्या हातात दिलं. सरांनी स्पेलिंग ताडून पाहिलं आणि परत दिलं. नंतर कळलं की ते त्या दिवशी नऊही घरी गेले होते. त्यांच्या बायकोने त्यांना अहिराणीत विचारलं होतं, "तुमले येड लागनं शे का?" हे त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं, हसत. त्याच फेरीत ते मांडववाल्याकडेही गेले होते आणि माठ भरणाऱ्या बाईकडेही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे चौकशीत मला हेच विचारलं गेलं.

दुभाष्याने यादी माझ्या टेबलावर बसून वाचली. सर समोर उभे होते, विद्यार्थ्यासारखे. त्याची पेन्सिल एकेका नावावरून उतरत नऊ जणांपाशी आली आणि थांबली.

"हे पाणीपुरवठ्याचे कर्मचारी. हे समारंभाला उपस्थित राहणार का?"

"कामामुळे त्यांना येणं जमेल असं दिसत नाही," सर म्हणाले.

दुभाष्याने वर पाहिलं. खिडकीतून रस्त्यावरच्या त्यांच्या गाडीचा आवाज येत होता. मग त्याने नऊ नावांसमोर नऊ बारीक खुणा केल्या, यादीची घडी घातली, आणि जाताना माझ्याकडून प्रवासवर्णनाचं एक पुस्तक घेऊन गेला. ते परत आलं नाही.

समारंभाला सभागृह भरलं होतं. पाचांच्या नियमाला त्या दिवशी सूट होती. पहिल्या रांगेत त्यांचे लोक आणि एका टोकाला सर, दुसऱ्या रांगेपासून आम्ही. नऊ घरांतली माणसं मधोमध बसली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण सर घरी येऊन नावं विचारून गेल्यामुळे त्यांना ते बोलावणंच वाटलं. समई दोनदा विझली. अधिकाऱ्याने शाल घेतली, नारळाचं काय करायचं ते न कळून तो मांडीवर ठेवला आणि संपूर्ण कार्यक्रमभर दोन्ही हातांनी धरून बसला. त्याच्यासमोर टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता. त्यांच्या भाषेत छापलेली, सोनेरी कडेची. त्याला ती वाटायची होती.

मग सर उठले. ते सतरा सेकंद तुम्ही पाहिले आहेत. त्या वाक्यात उपरोध होता का? मला सभेत कुणी हसलेलं ऐकू आलं नाही. हेच वाक्य सरांनी गणेशोत्सवाला आलेल्या नगरसेवकाला म्हटलेलं मी ऐकलं आहे, बागायतदारांच्या मेळाव्याला आलेल्या तज्ज्ञालाही. अगदी त्याच आवाजात.

त्यानंतर यादी. मांडव, माइक, सतरंज्या. दुभाष्या एकेक वाक्य त्यांच्या भाषेत करून अधिकाऱ्याच्या कानात सांगत होता, आणि बाजूला एक कारकून लिहून घेत होता. मग सर म्हणाले, "आणि ज्यांच्या सेवेमुळे या शहराला आजवर पाणी मिळालं ते आमचे कर्मचारी." नऊ नावं. प्रत्येक नावानंतर ते थांबत. वर्गात हजेरी घेताना थांबतात तेवढंच. माझ्या भावाचं नाव पाचवं होतं. ते उच्चारलं गेलं तेव्हा भावजयीने पदर तोंडात धरला. दोन महिन्यांत त्या शाळेच्या फाटकावर कुणी न मानलेला माणूस त्यांच्याच कारकुनाच्या कागदावर शाईने उतरत होता.

अधिकारी खूश झाला. तो काहीतरी म्हणाला आणि त्याने गठ्ठ्यावर हात ठेवला.

"साहेब विचारतात," दुभाष्या म्हणाला, "हे नऊ सेवक कुठे आहेत? त्यांना पुढे बोलवावे. त्यांना प्रमाणपत्रे द्यावयाची आहेत."

अधिकाऱ्याच्या मागे उभा असलेला एक जवान दुसऱ्याकडे पाहू लागला.

"ते आपल्याकडेच आहेत, साहेब," सर म्हणाले.

दुभाष्या खाली वाकून बराच वेळ बोलला. सरांचं वाक्य चार शब्दांचं होतं. त्याने त्यात काय घातलं हे मला कधीच कळणार नाही. एवढंच दिसलं की अधिकाऱ्याने मान डोलावली, नऊ प्रमाणपत्रं मोजून बाजूला काढली आणि मागच्या जवानाच्या हातात दिली. सर म्हणाले, "अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमा असावी." मग ते खाली उतरून आपल्या खुर्चीत बसले. त्यांच्या जाकिटाची पाठ भिजलेली होती. ती माझ्यासमोर होती म्हणून मला दिसली.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा एक मालवाहू ट्रक वाचनालयासमोर थांबला आणि त्यातून सहा माणसं उतरली. भाऊ तिसरा. त्याची दाढी वाढली होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. डाव्या हातात सोनेरी कडेचं प्रमाणपत्र होतं. त्याने ते मला दिलं, जसा एखादा माणूस कुठे ठेवावं हे न कळून पाण्याचा ग्लास परत देतो तसं.

तिघं आले नाहीत. ते पहिल्याच आठवड्यात गेले होते. हे तहानंतर कळलं.

लोक सतरा सेकंदांवरून सरांना बोलतात, पण सरांना टोचतं ते दुसरंच. त्यांनी नऊ नावं पुकारली तेव्हा नऊ घरांना माणसं जिवंत आहेत असं वाटलं. त्यातला एक मुलगा आमच्याच कॉलनीतला, एकुलता एक. त्याच्या आईने ते चारही दिवस रोज त्याच्या आवडीची कढी केली. सहा जण उतरल्यावर ती ट्रकच्या मागच्या फळीपाशी गेली आणि आत वाकून पाहिलं. तेव्हापासून सर तिच्या घरावरून जात नाहीत. दूध आणायला मागच्या गल्लीने जातात.

तहानंतर चौकशी बसली. शत्रूच्या समारंभात कोण होतं, शत्रूची प्रमाणपत्रं कुणाकडे आहेत. त्यांच्या कारकुनाने लिहिलेला तो कागद आता आपल्या चौकशीच्या टेबलावर होता, आणि ज्या यादीने सहा जणांना बाहेर काढलं तीच यादी सहा जणांविरुद्धचा पुरावा होती. वळत नसलेली बोटं पाहून भावाला सोडून दिलं. सरांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी आभार मानले. कुणाला वगळलं नाही." मला विचारलं, त्या गृहस्थांनी ती नऊ नावं विचारपूर्वक घातली की सवयीने?

मी आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांनी मला एक गोष्ट शिकवली आहे. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मी म्हणालो, "मला सांगता येत नाही."

ते खरं होतं. त्याच खऱ्या वाक्यावर सरांवर ठपका आला. शिक्षा नाही, नुसता ठपका. त्यानंतर त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही. भाऊ त्या संध्याकाळी माझ्याकडे आला, चौकशीत काय झालं ते ऐकलं आणि म्हणाला, "तुला सांगता येत नाही?" बस. त्याने आवाज चढवला नाही. चहा पिऊन गेला.

गेली सात वर्षं दरवर्षी मंडळ त्या तिघांची स्मरणसभा घेतं. सातही वर्षं पत्रिका मीच लिहिली, आणि सातही वर्षं तिची शेवटची ओळ आभार अशी होती. या वर्षी तयारीच्या बैठकीला भाऊ आला. तो कधी येत नाही. मागे बसला होता, आणि आभार कुणी मानायचे हा विषय निघाला तेव्हा म्हणाला, सरांना द्या. अध्यक्ष म्हणाले, बाबा रे, ती क्लिप परत फिरेल, मंडळाला त्रास. भावाने पिशवीतून प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. सोनेरी कड अजून चकाकत होती.

"मग मलाही बोलवू नका," तो म्हणाला. "माझं नाव त्याच यादीत होतं."

आणि मी, सात वर्षं उशिरा, म्हणालो की सरांनी नावं विचारपूर्वक घातली होती. ते माझ्या घरी आले होते. मी पाहिलं होतं. हे मला अजूनही सिद्ध करता येणार नाही. पण भाऊ समोर बसला होता.

सरांकडे मीच गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकून घेतलं आणि त्यांनी नकार दिला. "शोकसभेला आभार नसतात," ते म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं मानता आहात, ते मी खाली बसून ऐकतो. शिकलेली माणसं तुम्ही." मग म्हणाले, नावं वाचीन, पण त्या बाईंना विचारून या.

त्या मुलाची आई अंगणात भांडी पुसत होती. मी विचारलं. तिने हातातलं भांडं पालथं घातलं.

"त्यांनीच वाचावीत," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी माझ्या पोराचं नाव बापाच्या नावासकट घेतलं होतं. त्याच्यामागं कुणी तसं घेतलं नाही. तुम्ही तर नुसते तिघं म्हणता."

सभा परवा झाली. पत्रिकेची शेवटची ओळ मी काढून टाकली. सर काठी टेकत माइकपाशी गेले, तीन नावं वाचली, पूर्ण, प्रत्येकानंतर थांबून. कुणाला उद्देशून ते काही बोलले नाहीत. मग खाली आले, आणि ती बाई ज्या रांगेत बसली होती तिथे एक खुर्ची सोडून बसले.

आणि मग सभा संपेना. आभार झाले नाहीत तर उठायचं कधी हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते, मी पत्रिकेकडे. कुणी चपला शोधल्या नाहीत. सगळे बसून राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. शेवटी मागच्या रांगेतून भाऊ उठला. दाराशी भिंतीला टेकवून ठेवलेली लांब चावी त्याने डाव्या हाताने उचलून खांद्यावर घेतली. पाणी सोडायची वेळ झाली होती. तो जिना उतरला आणि त्याच्यामागे एकेक करून आम्ही उठलो.